बी.पी. ‘लो’ दिसले की लघवीची गोळी बंद करायची का?

थोरल्या जाऊबाईंना दवाखान्यात नेले ती रात्र मला चांगली आठवते. जानेवारीचा महिना, नागपूरची थंडी, आणि त्या दार सताड उघडे ठेवून उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसलेल्या. “आडवी झाली का जीव घुसमटते,” एवढेच बोलत होत्या, तेही दोन शब्दांनंतर थांबून. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले. नडगीवर बोट दाबले तर पडलेला खड्डा तसाच राहत होता.

मी पस्तीस वर्षे सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केले. अंगात पाणी भरले आहे हे पाहताक्षणी कळले. पण भरले का? दोन वर्षांपूर्वी अटॅक आल्यापासून त्यांच्या गोळ्या नियमित चालू होत्या. सुनेला विचारले तर ती रडायलाच लागली.

“काकू, आईंचं बीपी लो होऊन राहिलं होतं नं! चौऱ्याण्णव बाय साठ. शेजारच्या बाई म्हणाल्या, हे तर लई कमी आहे, गोळ्यांनीच झालं असंल. म्हणून गोळ्या बंद केल्या. अन् मीठ-साखर-लिंबाचं पाणी देत होतो, दिवसातून तीनदा.”

आठ दिवस असे चालले होते. कोणी हयगय केली नव्हती. उलट, घरातल्या सगळ्यांनी जीव लावून सेवा केली होती. त्या सेवेनेच जाऊबाईंचे वजन ५१ किलोवरून साडेछप्पनवर गेले. ही साडेपाच किलोची वाढ मांसाची नव्हती, पाण्याची होती.

रुग्णालयात शिरेतून लघवीचे इंजेक्शन सुरू झाले, ऑक्सिजन लावला. सहाव्या दिवशी सूज उतरली आणि त्या सपाट झोपू लागल्या. सुट्टीच्या कागदावर डॉक्टरांनी बी.पी. लिहिले, ९६/६२. सून ते वाचून दचकली. “काकू, हे तर तेवढंच आहे!”

तेवढेच होते. आकड्यात काही बिघडलेले नव्हतेच. ज्या आकड्याला घाबरून गोळ्या बंद केल्या, तोच आकडा घेऊन बाई बरी होऊन घरी आली. हा लेख त्या आकड्याविषयी आहे.

मूत्रपिंडाची फसगत

डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात तेव्हा घरच्यांना वाटते, आता सगळे संपले. ‘फेल’ हा शब्दच वाईट आहे. त्याचा अर्थ हृदय बंद पडले असा नाही. हृदय हा पंप आहे आणि त्याची ताकद कमी झाली आहे, एवढाच तो अर्थ. अटॅकमध्ये हृदयाचा काही भाग मरतो. वर्षानुवर्षे बी.पी. वाढलेले राहिले तर पंप थकतो. लहानपणी सांधेतापाने झडपा खराब झालेल्या असतात. दारूनेही हृदय कमजोर होते, आणि काही बायांना बाळंतपणाच्या आगेमागे हा आजार होतो.

पंप कमजोर झाला की पुढे जाणारे रक्त कमी पडते. ही गोष्ट सर्वांत आधी जाणवते ती मूत्रपिंडाला. पण मूत्रपिंडाला हृदय दिसत नाही. आपल्याकडे येणारे रक्त कमी झाले एवढेच त्याला कळते. त्यावरून ते समजते की शरीरात पाणीच कमी पडले, माणसाला जुलाब झाले असतील किंवा जखमेतून रक्त गेले असेल. मग ते मीठ आणि पाणी धरून ठेवू लागते. अंगात पाणी मुळात भरपूर असते, त्यात आणखी साठते. पंप ते पुढे ढकलू शकत नाही. म्हणून ते मागे तुंबते, फुप्फुसात, पायात, पोटात. रात्री आडवे झाले की पायातले पाणी वर सरकते आणि दम लागतो. दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही ती याचमुळे.

लघवीची गोळी मूत्रपिंडाची ही चुकीची काटकसर मोडते. धरून ठेवलेले मीठ ती लघवीत सोडायला लावते आणि मिठामागे पाणी जाते. आता लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचा विचार करा. एका हाताने गोळी बंद केली आणि दुसऱ्या हाताने मूत्रपिंडाला हवे तेच मीठ आणि पाणी दिले. निरोगी माणसाला उन्हात चक्कर आली तर हे पाणी औषध आहे. जाऊबाईंच्या बाबतीत ते नेमके उलटे ठरले.

मग बी.पी. कमी का असते? एक तर पंपाचा जोर कमी असतो. आयुष्यभर ‘हाय’ असलेले बी.पी. एकाएकी कमी दिसू लागले की काही जण खूश होतात, “बरं झालं, उतरलं.” ते बरे झालेलेच असेल असे नाही, कधी कधी पंप थकल्याचे ते लक्षण असते. दुसरे कारण म्हणजे गोळ्या. हृदयाला आराम देणाऱ्या बहुतेक गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात किंवा ठोके कमी करतात, म्हणजे बी.पी. थोडे खाली आणतातच. हार्ट फेल्युअरच्या रोग्याचा वरचा आकडा ९० ते १०० च्या दरम्यान असेल, त्याला चक्कर येत नसेल, लघवी नीट होत असेल, घरात हिंडता-फिरता येत असेल, तर डॉक्टर सहसा त्या आकड्याला हात लावत नाहीत.

मे महिन्यातले मामा

पण याची दुसरी बाजू न सांगता थांबले तर मी अर्धेच सांगितले असे होईल.

आमच्या गल्लीत एक मामा आहेत, मिलमधून निवृत्त झालेले. शिस्तीचे माणूस. डॉक्टरांनी सांगितले, सकाळी दोन लघवीच्या गोळ्या, दिवसभरात दीड लिटर पाणी. मामांनी लोट्यावर खूण केली आणि त्या खुणेबाहेर कधी गेले नाहीत. एका मे महिन्यात लग्नाच्या जेवणानंतर त्यांना जुलाब लागले. दोन दिवस सात-आठ वेळा जाणे झाले. तरी गोळ्या दोन आणि पाणी दीड लिटर, नियम म्हणजे नियम! तिसऱ्या दिवशी सकाळी उठून उभे राहिले आणि कूलरजवळ कोसळले.

मुलगा मला बोलवायला आला. मामांची जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, पायावर सुजेचा मागमूस नाही. झोपवून बी.पी. घेतले तर वरचा आकडा १००. धरून उभे केले आणि मिनिटभराने घेतले तर ७४. वजन ६३ चे ५९ झालेले. रुग्णालयात रक्त तपासले तर क्रिएटिनिन वाढलेले, म्हणजे पाण्यावाचून मूत्रपिंडालाच त्रास होऊ लागला होता. तिथे लघवीच्या गोळ्या काही दिवस थांबवल्या, छातीवर लक्ष ठेवून हळूहळू सलाईन दिले. मामा चार दिवसांत घरी आले. पुढे डॉक्टरांनी त्यांची लघवीची गोळी दोनची एक केली. ती आजही एकच आहे आणि सूज नाही.

दोघांचेही बी.पी. ‘लो’. एकीच्या अंगात पाणी जास्त झाले होते, दुसऱ्याच्या अंगात कमी पडले होते. मशीनवर हा फरक दिसत नाही. तो वजनकाट्यावर दिसतो, पायावर दिसतो आणि उभे राहिल्यावर दिसतो.

घरी काय पाहायचे

पहिले वजन. सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत. रोज. आकडा कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहायचा. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढले तर पाणी साठू लागले असे समजून डॉक्टरांना गाठावे, धाप लागायची वाट पाहू नये. तसेच, वजन भराभर उतरत असेल आणि चक्कर येत असेल तर गोळीचा जोर जास्त होत असावा. घरात काटा नसेल तर औषधाच्या दुकानातला चालेल, पण प्रत्येक वेळी तोच. तेही जमत नसेल तर परकराची नाडी, चपलेचा पट्टा आणि हातातल्या बांगड्या पाहा. सूज चढली की या तिन्ही गोष्टी आधी घट्ट होतात.

दुसरे, बी.पी. घेण्याची पद्धत. बाहेरून आल्या आल्या, बोलता बोलता, पाय लोंबकळत ठेवून घेतलेले बी.पी. काही कामाचे नाही. पाच मिनिटे शांत बसून घ्या. चक्कर येत असेल तर आडवे असताना एकदा, मग उभे राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. जवळ कोणी तरी धरायला असावे. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर ती गोष्ट डॉक्टरांना मुद्दाम सांगायची आहे. ज्यांची नाडी अनियमित चालते त्यांच्या बाबतीत घरचे मशीन चुकू शकते. अशांनी दवाखान्यात हाताने मोजून घ्यावे.

आता तिसरा प्रकार, तो सर्वांत वाईट. बी.पी. कमी, आणि सोबत सूज व धापही आहे. हातपाय गार पडले आहेत, लघवी फार कमी झाली आहे, माणूस गुंगीत आहे किंवा असंबद्ध बोलतो आहे. याचा अर्थ पंप रेटू शकत नाही. घरी काहीही करत बसू नका, १०८ ला फोन करा. छातीत दुखणे, बेशुद्ध पडणे, बसल्या जागी दम लागणे, गुलाबी फेस येणे यांनाही हाच नियम.

कोणती गोळी कशासाठी

गोळ्यांच्या पिशवीत सगळ्या गोळ्या सारख्या नसतात, हे आपल्या लोकांना कोणी समजावून सांगत नाही. ओ.पी.डी.त गर्दी असते, डॉक्टरांना वेळ नसतो, हे मी आतून पाहिले आहे.

फ्युरोसेमाइड (लॅसिक्स) किंवा टॉर्सेमाइड या पाणी काढणाऱ्या गोळ्या. यांनी दम कमी होतो, सूज उतरते. पाणी जितके तितकी गोळी, असा हिशेब असतो, म्हणून हिचा डोस वरखाली होत राहतो. एनालाप्रिल किंवा त्या जातीच्या गोळ्या, मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि अलीकडे मिळणारी डापाग्लिफ्लोझिन, यांचे काम वेगळे आहे. त्या कमजोर हृदयाला सांभाळतात आणि आयुष्य वाढवतात. स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी, स्वस्त गोळी. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र हार्ट फेल्युअरच्या १६६३ रोग्यांपैकी ज्यांना ती दिली त्यांच्यात मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी दिसला.

म्हणून बी.पी. कमी होऊन चक्कर येऊ लागली आणि अंगात पाणी नसेल, तर जाणकार डॉक्टर आधी लघवीची गोळी कमी करून पाहतात. पूर्वी हाय बी.पी.साठी सुरू केलेली अॅम्लोडिपिनसारखी गोळी राहून गेली आहे का, प्रोस्टेटची गोळी चालू आहे का, तेही पाहतात, कारण त्यांनीही बी.पी. उतरते. हृदय सांभाळणाऱ्या गोळ्यांना शेवटी हात लावतात. त्या एकाच वेळी न घेता सकाळ-संध्याकाळ विभागून देतात. आपण घरी नेमके उलट करतो, सगळी पिशवीच बंद करतो! डॉक्टरांना विचारायचा प्रश्न सोपा आहे: “साहेब, चक्कर येते, सूज नाही, वजन एवढं उतरलं, लघवीची गोळी कमी करायची का?” आणि आणखी एक प्रश्न आधीच विचारून कागदावर लिहून घ्या: जुलाब-उलट्या झाल्या, जेवण बंद झाले, तर त्या दिवशी कोणत्या गोळ्या थांबवायच्या? मामांच्या कागदावर ही एक ओळ असती तर ते पडले नसते.

या गोळीमागे मोठा इतिहास आहे. १७८५ साली इंग्लंडच्या विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडाच्या पानांनी अंगावरची सूज उतरते यावर पुस्तक लिहिले. आजची डिजॉक्सिनची गोळी त्याच कुळातली. १९१९ मध्ये व्हिएन्नात आल्फ्रेड व्होगल नावाचा वैद्यकीय विद्यार्थी उपदंशाच्या रोग्याला पाऱ्याचे इंजेक्शन देत होता. परिचारिकांनी मोजून लिहून ठेवलेल्या लघवीच्या आकड्यांवरून ध्यानात आले की या औषधाने लघवी कितीतरी वाढते. (आमच्या तक्त्यांना नाक मुरडणाऱ्यांनी हे वाचावे!) पाऱ्याची विषारी इंजेक्शने पुढे कित्येक वर्षे वापरली गेली. १९६० च्या दशकात जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीची फ्युरोसेमाइड आली, जी तोंडाने गोळी म्हणूनही घेता येते. परिणाम सहा तास टिकतो, त्यावरून इंग्रजीत ‘लॅसिक्स’ नाव पडले असे सांगतात.

संडासाची अडचण

हे सहा तास आपल्या बायांच्या फार आड येतात. घरकामाला जाणाऱ्या, झाडूकामाला जाणाऱ्या, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या कितीतरी जणी मला सांगत, “सिस्टर, गोळी घेतली तर जायचं कुठं?” म्हणून त्या कामाच्या दिवशी गोळी घेत नाहीत आणि डॉक्टरांसमोर “घेते” म्हणतात. डॉक्टर समजतात गोळी लागू पडत नाही आणि डोस वाढवतात. मग एखाद्या रविवारी बाई वाढलेला डोस घेते आणि चक्कर येऊन पडते. सार्वजनिक संडास रात्री बंद, म्हणून पाणीच न पिणाऱ्याही आहेत. याला बाईचा निष्काळजीपणा म्हणणाऱ्याने एक दिवस तिच्या जागी काम करून पाहावे.

गोळी चुकवण्यापेक्षा वेळ बदलता येते. पोटात गेल्यावर तासाभरात तिचा परिणाम सुरू होतो, पहिल्या दोन-तीन तासांत जोर जास्त असतो. सकाळी लवकर घेऊन कामाला उशिरा निघणे, किंवा दुपारी घरी परतल्यावर घेणे, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. फक्त फार उशीर नको, नाही तर रात्रभर उठावे लागते आणि अंधारात पडण्याची भीती असते. दोन वेळा असेल तर दुसरी गोळी चारच्या आत. उठताना आधी खाटेच्या काठावर बसायचे, थोडा दम घ्यायचा, मग भिंत धरून उभे राहायचे.

मीठ आणि सुकट

मिठाबद्दल बोलले की घरात भांडण होते, तरी बोलते. भाजीतले मीठ निम्मे केले आणि ताटात लोणचे, पापड, सुकट, बोंबील तसेच राहिले तर काही उपयोग नाही. खारवलेल्या वाळल्या मासळीत मिठाचा साठाच असतो. फरसाण, बिस्कीट, पोट साफ राहावे म्हणून घेतलेला फसफसणारा सोडा यांतही सोडियम असते. बाजारात ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एनालाप्रिल चालू असताना ते मीठ धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

आणि गुडघेदुखीची गोळी! डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन दुकानात मागितली की मिळते. दिवसभर ओझी वाहिलेल्या माणसाला ती हवीशी वाटते हे मी समजू शकते. पण ही गोळी अंगात पाणी धरून ठेवते, लघवीच्या गोळीचा जोर मारते आणि मूत्रपिंड बिघडवते. हार्ट फेल्युअरमध्ये ती घेऊ नये. दुखणे असह्य असेल तर पॅरासिटामॉल घेता येईल का हे विचारावे, पण फसफसणारी नको, कारण तिच्यात सोडा असतो.

जाऊबाईंना घरी येऊन आता दीड वर्ष झाले. बी.पी. ९० ते १०० मध्येच फिरते. शेजारच्या बाई अजूनही मशीन घेऊन येतात, पण आता आधी कॅलेंडरकडे पाहतात. परवा सून स्वयंपाकघरातून म्हणाली, “मग काकू, लिंबाचं पाणी कधीच नाही का द्यायचं आईंना?”

म्हटले, “लिंबू पिळ की वरणावर. मीठ-साखरेचं पाणी नको. अन् उद्या जुलाब लागले, जीभ सुकली, तर आधी फोन कर, मग ठरवू.”

खाटेवरून जाऊबाईंचा आवाज आला, “अन् सुकट?”

मी ऐकले नाही असे केले. कॅलेंडरवर त्या दिवशीचा आकडा ५१ होता.